पुरावा कुठाय

उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या शाळेत
नववी 'ब'च्या बेचाळीस वह्यांत
बेचाळीस आया पहाटे पाचला उठत.
सगळ्या प्रेमळ, सगळ्या कष्टाळू,
सगळ्यांच्या पुरणपोळीला एकच चव,
गाईडच्या सत्तावन्नाव्या पानाची.

म्हणून जूनमध्येच मी निबंधाचं पुस्तक मिटलं
आणि डस्टर चोरीला गेल्याचं जाहीर केलं.
(माझ्याच पिशवीत होतं, कांद्याच्या पातीखाली.)

त्या दिवशी पहिल्यांदा वर्गानं वर्गाकडं पाहिलं.
कानामागं तांबडी माती: हा तालमीतून थेट आलाय,
गृहपाठ विचारू नये.
ओठावर सुकलेला फेस: गंगावेशीचा दूध कट्टा,
म्हणजे बस चुकली नव्हती, चुकवली होती.
इद्रिस बागवान फळ्यापाशी बराच वेळ उभा राहिला.
"फळा पुसून ठेवलाय बाई,
म्हंजे पुसणाऱ्यानंच नेलंय.
काल शेवटचा तास कुणाचा हुता?"
मग माझ्या पिशवीकडं बघितलं त्यानं
आणि गप्प जागेवर जाऊन बसला.
तेव्हाच मला कळायला हवं होतं.

नियम एकच: पुराव्याशिवाय वाक्य नाही.
कुणी 'निसर्गरम्य' लिहिलं की समासात मी विचारी,
कुणी पाहिलं? किती वाजता? वास कसला होता?
मग रंकाळ्याला आला जलपर्णीचा कुजका वास,
कणसं भाजणाऱ्या मावशीच्या अंगठ्यावर
जुना चटका आला.
शर्वरी सुतारची आई पहाटे उठेनाशीच झाली.
ती साडेनवाला उठते, रात्रपाळी असते तिची,
आणि पोळी फुटते, पुरण तव्यावर करपतं,
"ते खरवडून खायला आम्ही भांडतो."

हेडसर म्हणाले, बोर्डाला हे चालणार नाही.
मी म्हटलं, पुरावा?
त्यांनी परिपत्रक काढून दाखवलं.
हरले तिथं.

दिवाळीनंतर मुद्दाम दिला तो विषय,
सगळ्यात खोटा: माझे आवडते शिक्षक.
गौतमी कुरणेनं जेमतेम पाऊण पान लिहिलं.

"आमच्या बाई श्रावणापासून खडू डाव्या हातात धरतात.
उजवा पदराखाली असतो.
फळ्यावरची ओळ खाली उतरते, आधी उतरत नव्हती.
चहा अर्धाच कप मागतात.
हजेरी आता मॉनिटर मांडतो.
बाई म्हणतात, तुम्हाला जबाबदारी कळावी म्हणून.
हे पटत नाही.
बाईंना दवाखान्यात सोबत पाहिजे.
माझा शनिवार मोकळा असतो."

गडहिंग्लजच्या भावालासुद्धा सांगितलं नव्हतं मी.
जिन्यात गाठलं तिला. कुणाला बोललीस?
"न्हाई वो बाई. नुसतं बघितलो."

रात्री वही पुढ्यात घेऊन बसले.
लाल पेन टोपणासकट कितीतरी वेळ तसंच.
विचारण्यासारखं काही सापडेना,
किती वाजता, कुणी पाहिलं, सगळं होतं.
'श्रावणा'त काना राहिला असता तरी चाललं असतं,
तोही जागेवर होता.

मग पेन उजव्या हातात घेतलं.
बरोबरची खूण काढायला गेले पहिल्या ओळीपाशी.
ती भरकटत, थरथरत पानभर उतरली
आणि 'शनिवार'वर जाऊन टेकली.