चार बोटं

केळीच्या दोन ओळींमधलं अंतर
मी सुतळीनं मोजलं, दोन्ही टोकांना गाठी मारल्या
आणि सुतळी पर्समध्ये ठेवली,
आधार कार्ड आणि पासबुकाशेजारी.

भुसावळच्या शोरूममध्ये
छोटा ट्रॅक्टर काचेआड उभा होता,
चाकांना माती ठाऊक नसलेला,
सीटवर अजून प्लॅस्टिक.
टायवाल्या पोरानं चावी यांच्या हातात दिली,
हप्ता यांना सांगितला,
चहा मात्र दोघांना.
मी खाली बसून मागच्या चाकांवर सुतळी धरली.
चार बोटं जास्त.
"मॅडम, चार बोटांनी काय होतं?"
काय होतं ते त्याला कसं सांगू.
निसवलेल्या झाडाला चाक घासलं
की झाड आडवं,
अन् वर्षही त्याच्यासोबत.

बामणोदला मिठाराम फेगड्यांच्या गोठ्यात
जुना उभा होता, बैलांच्या जागेवर.
गव्हाणीत पाने आणि ग्रीसचा डबा.
रंग कधीकाळी लाल असावा.
तासांचा काटा दोन हजार एकशे चाळीसवर अडकलेला,
केव्हापासून, त्यांनाही आठवेना.
गफूर तडवीला आम्ही यावलहून सोबत आणलं होतं.
त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं,
मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.
आम्ही सगळे गप्प. म्हैससुद्धा.
मग तेल बोटांत चोळून म्हणाला,
"इंजन साफ आहे. लिफ्ट रडते.
पंचवीस हजार बाजूला ठेवा. तीसच धरा."

सुतळी बरोब्बर बसली.

हे लांब जाऊन भावाला फोन लावत होते.
भाऊ म्हणत असणार, जुनं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं,
नव्याला निदान वॉरंटी.
म्हणत असणार, दारात नवं उभं राहिलं
तर सागरच्या सोयरिकीलाही बरं.
खोटं नाही त्यातलं काहीच.

मिठाराम आप्पांनी मलाच विचारलं,
"कोन चालवीन?"
"मी."
हसले नाहीत.
"बस मंग, वं माय."

सीट गोणपाटाची, कडेला रंगीत दोऱ्याची टीप.
क्लचवर लाकडाचा ठोकळा, तारेनं बांधलेला,
मधोमध चवड्यानं खोलगट झालेला.
माझा पाय पोचला.
"यमुना बुटकी व्हती," आप्पा म्हणाले
आणि पुढे काही नाही.

मी शोरूमचं सांगितलं, चार बोटांचं.
घेणाऱ्यानं असं बोलायचं नसतं, तरी.
ते थोडा वेळ आपल्याच चाकाकडे बघत राहिले.
"त्याची मागची चाकं उलटी बसवजो," म्हणाले.
"पाच-सहा बोटं आत येतीन.
शोरूमवाल्याले माहीत नसन.
नवाबी बसते तुह्या केयीत."
गफूरनं त्यांच्याकडे असं पाहिलं,
जसा कोणी स्वतःच्याच टायरात
खिळा ठोकतोय.

"घरी जाऊन बोलू," हे लांबूनच म्हणाले,
फोन कानालाच.
मी पर्स उघडली.
सुतळीखाली पाचशेच्या दोन नोटा होत्या.
त्या आप्पांच्या तळहातावर ठेवल्या,
बयाणा म्हणून.

त्यांनी नोटा टोपीत खोचल्या.
मग गुडघा धरत खाली वाकले,
पक्कडीनं तार सोडली
आणि ठोकळा काढून घेतला.
"हा नाही देत," म्हणाले.
"तुह्या पायाचा तू कर."

रात्री लाईट गेलेली. ओट्यावर
मी बाभळीचा तुकडा घेऊन बसले,
चप्पल काढली, पाऊल ठेवलं,
खडूनं भोवती रेघ ओढली.
सागर टॉर्च धरून उभा.
"जाड केवढा?"
चार बोटं, म्हटलं.
मग पुन्हा मोजून,
तीन.