अठराशेतले कान

म्हापशात, शुक्रवारच्या बाजारामागे,
इनासने तीन डबे उघडून ठेवले.
"आयकून पळय, मागीर दी पयशे," म्हणाला
आणि माझ्यासाठी पंखा बंद केला.

मी कानांआधी बोटांनी बघते.
पट्टी ताणली की कुरकुरते का.
बिजागरी प्लास्टिकची. असू दे,
माझ्या चष्म्याचीही तसलीच आहे.
गादी दाबून सोडली की किती वेळात वर येते,
ताज्या पावासारखी.
पहिल्याची आलीच नाही.

दुसऱ्यावर माझं ठरलेलं लावलं:
मयेची, आमच्या घरची चवथीची आरती,
मोबाईल खांबाला टेकवून धरलेली.
सातजण, दोन घुमटं, एक शामेळ, कासाळं.
मला ती पाठ आहे.
कुठल्या कडव्याला गुणाजी घाई करतो,
कुठे कुणाचं तरी पोर समईकडे रांगत जातं
आणि तिघंजण एकदम "ए!" म्हणतात.

घुमट फार मोठं झालं.
लग्नातल्या डीजेसारखं, पोट हलवणारं.
पुष्कळांना आवडेल. इनास स्वतः हाच वापरतो.
पण घुमट म्हणजे आधी माती,
मग बकऱ्याचं कातडं,
आणि मागच्या तोंडावरचा डावा तळवा,
आवाजाला सोडणारा, धरणारा.
ह्यात तळवा नव्हता.
नुसतं धुम्म.

तिसरा.
घुमट लहान झालं, पण त्याला कड आली.
तळवा उघडला, मिटला.
कासाळ्याची टोकं जरा टोचली;
श आणि स वर कुणी रेती भुरभुरल्यासारखी.
सगळे कपाळाच्या आत दाटीवाटीने बसलेले.
बंद पाठीचा आहे,
त्याच्याकडे अंगण मागू नये.
खोली मागावी, झाडलेली.

आणि "ए!" म्हणणारे तिघं नव्हते.
चौघं होते.
चौथी मी,
मोबाईलच्या मागून, इतक्या हळू
की पोराला ऐकू जाणं शक्यच नव्हतं.
दोन वर्षं मी तिघंच मोजत होते.

इनासला म्हटलं, बोल काहीतरी.
त्याचे ओठ हलले,
आवाज लोणच्याच्या बरणीतून आला.
रस्त्यावरचा "अस्नोडा, डिचोली, अस्नोडा"
अर्धा झाला. अर्धा पुरे.
घरी प्लायवूडच्या पलीकडे
शेजारणीचं तान्हं झोपतं,
त्यालाही माझ्या कानातलं ऐकू जायला नको.

मग नुसती बसून राहिले, डोक्यावर चढवून.
दुकानात हे कुणी करत नाही.
इनासने दोन चार्जर विकले, एक काच बसवली.
विसाव्या मिनिटाला चष्म्याची काडी
हाडात रुतल्याची जाणीव झाली.
कुड्या काढून पर्समध्ये टाकल्या.
चाळिसाव्याला उजव्या कानाची पाळी
आतल्या शिवणीला टेकली,
आणि मग आरती, कासाळं, गुणाजी, सगळं सोडून
ती शिवणच तेवढी उरली.
घाम गळ्यापर्यंत.
हे नकली कातडं एका मे महिन्यात सोलवटणार,
काळे पापुद्रे मानेला चिकटणार.
जुन्या सुती साडीचे गोल कापून
वर इलॅस्टिक घालीन.

"किदें तें?" त्याने हातानेच विचारलं.
शंभर कमी कर, म्हटलं.
पन्नास केले.

रात्री काम लावलं.
ग्रामसभेच्या टेपा मी टाइप करते, पानाच्या भावाने.
रस्ता, कचरा, गटार, डोंगरकापणी;
तीन तासांची सभा, मागे पंख्याचा खडखडाट,
आणि जिथे सगळे एकदम उठतात
तिथे जुन्या हेडफोनच्या काळात
मी कंसात एकच शब्द टाकायचे: (गोंधळ).
पंचायतीची कधी तक्रार नव्हती.

आता त्या कंसात माणसं आहेत.
एकजण सर्व्हे नंबर सांगतोय, दोनदा, चुकूनही नीट.
एक बाई विचारते, विहिरीचं काय?
खुर्ची सरकते.
ती पुन्हा विचारते.

मागे नेलं. पुन्हा ऐकलं.
उजवी गादी पाळीवरून जरा सरकवली.
एका ओळीची अकरा ओळी झाली,
पानाचा भाव तोच.