वीस किलो सहाशे

सावद्याच्या शाळेत गॅदरिंग आहे उद्या,
प्रमुख पाहुणा मी.
पत्रिकेवर विषय छापलाय: यशाआधी चारित्र्य.
इंगळे हेडमास्तर म्हणाले, दहाच मिनिटं बोला आप्पा,
तुमच्यासारख्यानं सांगितलं की पोरांना पटतं.

कालपासून कागद घेऊन बसलोय.
पहिलं वाक्य लिहिलं, खोडलं.
मागे रायपनिंग चेंबरच्या मोटारी घुमताहेत,
आत अंधारात हजारो फण्या
एकाच रात्रीत, एकाच रंगाने
मुकाट पिवळ्या होताहेत.

शहाऐंशी साली मी मापाडी होतो
तोताराम फिरक्यांच्या काट्यावर.
पंधरा रुपये रोज.
वीस किलोचं लोखंडी वजन, वर कडी,
बुडात शिसं, शिशावर सरकारी छाप,
आणि छापाच्या आत
अजून थोडं शिसं.
उचललं तसं कळलं.
हाताला लगेच कळतं,
डोक्याची समजूत नंतर घालता येते.

विसामागे सहाशे ग्रॅम.
दहा टनांच्या गाडीला तीनशे किलो केळी,
कुणाच्याच वहीत नसलेली.
शेटजी म्हणाले, गाडीमागे पाच रुपये वर देईन,
तू काट्याकडे पाहा,
माल कुणाचा ते पाहू नको.

नामदार तडवी त्याच सोमवारी कामाला लागला होता,
पालहून आलेला, माझ्याच वयाचा.
त्यानेही एकदा उचललं. खाली ठेवलं.
"मले नही जमत भो," म्हणाला,
कुणी म्हणावं मला वांगं चालत नाही
तितक्याच साधेपणी.
आणि विळा घेऊन कटाईच्या टोळीत गेला.

केळीचा चीक अंगावर उडतो ना,
तेव्हा पाण्यासारखा असतो.
माणूस हाताने पुसतो, कामाला लागतो.
काळा डाग दुसऱ्या दिवशी दिसतो,
आणि मग साबण, लिंबू, रॉकेल,
बायकोची बोलणी,
कशानेच जात नाही.

अकरा महिने तोललं मी.
पाच-पाचच्या नोटा साठवून
पहिल्या गाडीचा बयाणा दिला.
पुढे स्वतःचा काटा टाकला,
त्याच्यात आजवर ग्रॅमचा फरक नाही,
हे मी पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगेन.
लोक म्हणतात, आप्पाच्या काट्यावर
लहान पोर पाठवलं तरी चालतं.
खरं आहे ते.
तोवर मला परवडायला लागलं होतं,
हेही खरं आहे.

आणि त्या सोमवारी मीही खाली ठेवलं असतं तर?
आज टोळीत असतो, खांद्यावर घड, मानेला चुंबळ,
चारित्र्यावर बोलायला
मला कुणी बोलावलं नसतं.
नामदारला कुठे बोलावलंय?

मागच्या आठवड्यात तो माझ्याच शेडात होता.
साठी ओलांडलीय, घड अजून एका दमात उतरवतो.
कळण्याची भाकरी सोडून बसला होता,
मी शेजारी टेकलो, विचारलं,
फिरक्यांकडचं ते वजन आठवतं का रे?
मिरचीचा ठेचा बोटाने सारवत
तो बराच वेळ आठवत राहिला.
"कोणतं वजन?"

ते माझ्याकडेच आहे.
फिरक्यांचा धंदा मोडला तेव्हा
भंगारातून मीच आणलं, ऑफिसच्या दाराला टेकण म्हणून.
दार कधीच आपटत नाही.
आज रात्री, सगळे गेल्यावर,
नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं.
लाल आकडे थरथरले, थांबले.
वीस किलो पाचशे ऐंशी.
वीस ग्रॅम गंजाने खाल्लेत.
अडतीस वर्षांत
एवढंच.

कागद कोराच आहे.
वजन गाडीच्या डिकीत टाकलंय.
स्टेजवर न्यायचं की नाही,
एकेका पोराला उचलायला द्यायचं की नाही,
ते पुलाच्या अलीकडे ठरवीन.
पुलाखाली पाणी अजून आहे, खोल आहे,
हेही माझ्या ध्यानात आहे.