आकसणं धरून

रविवारी सकाळी झेन दोन स्टँडवर चढवली
आणि इंजिनाखाली जॅक, जॅकवर सागवानी ठोकळा.
ठोकळा अण्णांचा. त्यावर पेन्सिलीचा आकडा अजून आहे,
कुठल्यातरी पंपाच्या बॉडीचा.
बावड्यात कारखान्याचा भोंगा झाला,
मळीचा वास पत्र्याखाली येऊन बसला.

बॅटरी काढली. हवेचा डबा. स्टार्टर.
गिअरचं तेल डालड्याच्या जुन्या डब्यात,
काळं, हलवलं की आत चकाकणारं.
बोल्ट आईच्या अप्पेपात्रात, एकेका खळग्यात एकेका जागेचे.
"आता ह्यात अप्पे कसे करू?"
"ऑइलात फुगतील की," अण्णा म्हणाले.
सकाळपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य.

ते खुर्चीत. हात असलेली खुर्ची,
कारण हाताला आता काहीतरी धरायला लागतं.
छत्तीस वर्षं उद्यमनगरात लाकडाचे पॅटर्न केले.
त्यांची पट्टी खोटी होती, फुटामागं सूतभर लांब:
लोखंड थंड होताना आकसतं,
तेवढं आधीच धरून चालायचं असतं.
पाचवीत मी त्याच पट्टीनं चौकोन आखले
आणि बाईंनी सगळे चूक दिले.
अण्णा हसले होते. "बाईंना सांग, वतल्यावर बरोबर येतील."

शेवटचा बोल्ट वरच्या अंगाला,
हाताला लागणारा, डोळ्याला न दिसणारा.
तो सुटायला दुपार झाली.
मग गिअरबॉक्स दोन बोटं सरकला, अडला, सरकला,
आणि माझ्या पोटावर येऊन टेकला,
झोपलेल्या पोरासारखा जड.

प्लेट निघाली. रिव्हेट उघडे पडलेले.
बेअरिंग फिरवलं, खरखरलं.
आणि प्रेशर प्लेटच्या बोटांवर एक गोल चर,
नखानं लागावा एवढा खोल.
पाय पेडलवर कायम टेकलेला असला की असा चर पडतो.
टेकलेला.
त्याला आवरायला दुसरी जागा नसलेला.

दोन वर्षं ते म्हणायचे, रस्ते बिघडलेत.
मग म्हणायचे, चष्मा बदलायला पाहिजे.
मग एक दिवस चावी खुंटीला लावली
आणि कुणी विचारलंच नाही.

मी चरावरून बोट फिरवलं.
जुनी प्लेट पोत्याखाली सरकवली.
"लई झिजलीया?"
"झिजणारच की. वय झालं गाडीचं."

नवी आणली होती शाहूपुरीतल्या इरफान शिकलगारकडून.
"बाळगोंडा मिस्त्रींची लेक न्हवं तू?" म्हणाला,
आणि साठ रुपये कमी घेतले.
प्लेट मधोमध बसवायला दांडा लागतो.
तो अण्णांनी चार दिवस आधीच करून ठेवला होता,
मी न सांगता, सागवानाचा, कानस मारून.
"हात हलतोय की," आई म्हणाली होती.
"कानशीला हलणारा हातच लागतो."
"कुठल्या पट्टीनं मापलात?" मी विचारलं.
"खऱ्या. लाकडाला काय आकसायचंय."

दांडा गपकन बसला.
गिअरबॉक्स बसेना.
दोराला टांगून, गुडघ्यानं रेटून,
सगळा आत गेला आणि सूतभर बाहेर उरला.
बोल्टनं ओढायला गेले
तर वरून आवाज: "ओढू नगंस! कान तुटंल त्याचा."
खुर्ची करकरली.
मला गाडीखालून फक्त त्यांच्या चपला दिसल्या,
एक पुढं, एक तिच्यामागं.
क्रँकच्या बोल्टवर पाना लागल्याचा आवाज.
"रेट आता."
पाना त्यांच्या हातात होता.
हात हलत होता, नेहमीसारखा,
लोखंडातून तो माझ्या तळव्यापर्यंत येत होता.
मी रेटलं.
टक्.

संध्याकाळी केबल लावताना ते ड्रायव्हरच्या सीटवर.
दाबा. सोडा. दाबा.
"सोडल्यावर पाय बाजूला घ्या, अण्णा."
थोडा वेळ गेला.
"घेतला."
मी बॉनेटमागून पाहिलं नाही.

गाडी चालते. तिसरा गिअर जरा अडतो, पूर्वीही अडायचा.
अप्पेपात्रात एक वॉशर उरला,
कुठला ते दोघांनाही सांगता आलं नाही.
पात्र घासून झालं, तरी त्याच खळग्यात आहे.
आई तिथं पीठ घालत नाही.