लाल दिवा

तीस सेकंद बंद ठेवा, म्हणाली फोनवरची बाई.
मी साठ ठेवला.
मागच्या भोकात सेफ्टी पिन खुपसली,
सगळ्या दिव्यांनी एकदम डोळे मिटले, उघडले,
एक लालच राहिला.

फैयाज गच्चीवर जाऊन आला.
वायर शाबूत आहे म्हणाला, कावळ्यानं चोचसुद्धा लावलेली नाही.
मग राउटर फ्रिजवरून कपाटावर,
कपाटावरून खिडकीत,
खिडकीतून परत फ्रिजवर.
कन्नमवार नगरातल्या दहा बाय बारात
अजून नेणार कुठे?

साडेनऊला दार वाजलं.
चुरी.
चपलांच्या रॅकवरून वाजल्यापासून
तीन वर्षं जिन्यात भिंतीकडे बघत उतरणारे चुरी,
बनियनवर, हातात मोबाईल.
"काय हो, अजून लालच आहे का?"

हो, म्हटलं मी.
मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

भिंत चार इंची. पासवर्ड म्हणजे मांजरीचं नाव,
जिला रोज तिन्हीसांजेला मी
अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी हाक मारते.

"यातलं कळतं का तुम्हाला काही?"
"थोडंफार," म्हणाले,
आणि काढलेल्या चपला हातात धरून
दारातच उभे राहिले,
कुठे ठेवाव्यात ते कळेना.