तिसरी फळी

माझं दुकान डिचोलीत, बसस्टँडच्या मागे.
मिक्सर, पंखे, देवळाचे ॲम्प्लिफायर.
ब्लांका आली ती गोणपाटात प्रोजेक्टर गुंडाळून.
म्हणाली, मोटर तेवढी फिरू दे,
भिंग फुटलेलंच राहू दे.

फुटलेलंच?
हो.

मग चोडणला गेलो फेरीबोटीतून,
मांडीवर सोल्डरिंगची पेटी.
तिनं फिल्म खाजनात पुरली होती,
चार भरत्या, चार ओहोट्या.
सुबराय, तिचा जोडीदार, वहीत वेळा मांडायचा,
बाळंतिणीच्या कळा मोजाव्यात तशा.
वर काढली तर माणसं पुसून गेलेली,
मिठानं कुरतडलेले हिरवे-तांबडे डाग
आणि कोपऱ्यात एक ओरखडा, बहुधा खेकड्याचा.
हे चिखलानं काढलंय, ती म्हणाली,
मी नुसती वाट बघितली.
मनात म्हटलं, असली वाट बघायचे
मलाही कुणी पैसे द्या.

माझ्याकडे आवाज आला.
मानशीच्या लाकडाला रुपयाएवढ्या पितळी चकत्या चिकटवायच्या,
लाकूड बोलेल ते तारेतून
दीडशे मीटर ओढत कोठारापर्यंत आणायचं.
मी जन्मभर खरखर काढत आलो,
लोक पैसे देतात ती जावी म्हणून.
ही बाई हेडफोन लावून डोळे मिटते, म्हणते,
वाढव.
अजून वाढव.

शनिवारी रात्री मिठाच्या रिकाम्या कोठारात
होडीच्या जुन्या शिडाचा पडदा.
पणजीची सात-आठ माणसं, काळ्या कपड्यांतली,
वाड्यावरची पंचवीस, पोरं धरून.
दहाव्या मिनिटाला फ्यूज गेला. घातला.
मग डाग हलू लागले, पाणी घुमू लागलं
आणि त्या घुमण्यात एक शीळ, बारीक,
दात पडलेलं पोर शिट्टी शिकतं ना, तशी.
काळे कपडे पुढे झुकले.
एकीनं काहीतरी लिहूनही घेतलं.

पावलू उठला.
त्रेचाळीस वर्षं मानशीची दारं उघडणारा, लावणारा,
आता दोन्ही कानांनी गेलेला.
वाटलं, कंटाळला, चालला घरी.
तो गेला सरळ स्पीकरपाशी,
गाभण म्हशीच्या पोटावर ठेवावा तसा
कागदावर तळवा ठेवला
आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला,
"तिसरी फळी. खालून. पाणी पिता ती."

सकाळी ओहोटीला दार उचललं.
करंगळी जाईल एवढं भोक, किड्यानं पोखरलेलं.
सुबराय म्हणाला, एक भरती थांबूया का,
नीट रेकॉर्ड करून घेऊ, मग...
ब्लांका बांधावर उभी.
बांधाच्या आत भात पोटरीला आलेलं.
ती कितीतरी वेळ तिकडे बघत होती,
आणि सांगतो, मला खरंच कळेना
ही काय म्हणेल.
"बुजवा."

काथ्या, राळ, दोन खिळे.

रविवारच्या खेळाला शीळ नव्हती.
डाग तेच, घुमणं तेच, पुढची पोरं झोपली.
पावलूनं हात ठेवून बघितला, मान डोलावली, निघून गेला.

सोमवारी कामतबाई मिक्सर घेऊन आली.
चालू केला, डोळे मिटले, तळवा ठेवला.
बेअरिंग गेलंय, मी म्हटलं.
उघडून तरी बघा, ती म्हणाली.
उघडला.
बेअरिंग ठणठणीत होतं.
वायसर गेला होता.