दार्ताचे हात

डचेस बसली ती चेहऱ्यापुरती,
तीन सकाळी, त्याही कुत्र्याला भरवत.
"बाकीचं तुम्ही बघून घ्या," म्हणाली
आणि शिकारीला निघून गेली.

बाकीचं म्हणजे
झगा : लाकडी सांगाड्यावर चढवला.
मोती : खजिनदारानं मोजून दिले, मोजून परत नेले.
आणि हात.

हातांसाठी योआखिम लेंट्सनं
धुणीघरातून दार्ताला बोलावलं.
पंखा धरून ती तासभर बसली,
लिएलुपे कशी गोठते, बर्फ फोडून
चादरी कशा बुचकळायच्या, सांगत राहिली.
तो जर्मन, त्याला तिची भाषा जेमतेम.
हात मात्र कळत होते :
खारानं फुटलेली बोटं,
अंगठ्याखाली इस्त्रीचा चटका.

दरबारी चित्रकार होता तो.
बारा पिंपं राय, सरपण, वर्षाला एक कोट;
त्यात बग्गीची दारं रंगवायची,
शवपेट्यांवर राजमुद्रा काढायच्या
आणि वेळ येईल तेव्हा खोटं, शिसपांढऱ्यात.

त्यानं भेगा बुजवल्या.
चटकाही बुजवला,
पण तिथे जरा हात आखडूनच.

पांढरा रंग म्हातारपणी पारदर्शक होत जातो.
अडीचशे वर्षांनी अंगठ्याखाली
काहीतरी तपकिरी वर येतंय.
फलकावर डचेसचं नाव, त्याखाली लेंट्सचं.
त्याच्या हिशेबाच्या वहीत एक ओळ :
"हातांबद्दल, खारवलेले मासे दोन."

संग्रहालयाची राखणदार बाई
विणकाम बाजूला ठेवून शाळेच्या पोरांना
वाकून बघायला लावते, आणखी जवळ, आणखी.
मग एकदम दटावते :
हात लावायचा नाही.